काउंटर तिचे, करिअर कुणाचे?

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात एकदा नीट पाहा. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेली, डोळ्यांत झोप असलेली मुलगी ठाण्याच्या मॉलमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर निघालेली असते. तिच्या शेजारची कल्याणला मोबाइलच्या दुकानात कामाला असते. समोर बसलेल्या बाईच्या पिशवीत विम्याचे फॉर्म असतात. अंबरनाथ गेले की क्लिपा, टिकल्या आणि कानातल्यांचा पुठ्ठा घेऊन विकणारी बाई गर्दीतून वाट काढत येते. या चौघींचे काम एकच, विक्री. तरीही आपल्या बोलण्यात या चौघींपैकी एकीलाही 'सेल्समध्ये करिअर करणारी' म्हणत नाहीत. ते शब्द टाय लावून मोटारसायकलवर फिरणाऱ्या मुलासाठी राखून ठेवलेले आहेत.

मी स्वतः अकरा वर्षे उल्हासनगरच्या एका कापड दुकानात काउंटरवर उभी होते. उभी होते हे शब्दशः घ्या. सकाळी साडेदहाला दुकान उघडायचे ते रात्री नऊपर्यंत. माझ्या हाताखाली एक अठरा वर्षांचा मुलगा आला. त्याला साडीची घडी कशी घालायची, गिऱ्हाईक 'नुसते बघतेय' म्हणाले की कोणता ढीग आधी काढायचा, भाव कुठे थांबवायचा, हे सगळे मी शिकवले. चार वर्षांत तो त्याच मजल्याचा प्रमुख झाला. पुढे एका कंपनीत सेल्स ऑफिसर म्हणून गेला, गाडी मिळाली, पेट्रोलचा भत्ता मिळाला. मी त्याच काउंटरवर राहिले. मालक वाईट नव्हते. मला बढती द्यावी असे त्यांच्या मनातच आले नाही. खरे सांगायचे तर मीही कधी मागितली नाही. मालकांना ते का सुचले नाही आणि मी तोंड का उघडले नाही, हे या लेखात मला शोधायचे आहे.

विकणारी बाई नवी नाही

'बायकांना विक्री जमत नाही' किंवा 'मुलीने दारोदार फिरणे आपल्यात बसत नाही' असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच आजीला विचारावे. डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत ओरडत येणारी कोळीण कोण होती? जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण कोण होती? घरोघरी जाऊन सुनांच्या हातात बांगड्या भरणाऱ्या कासारणी आणि मणियार बायका कोण होत्या? बागवानांच्या घरातल्या बायका फळांच्या गाडीवर बसत नव्हत्या का? या बायका परक्या उंबरठ्यावर बसून घासाघीस करत, उधारी लक्षात ठेवत, कोणाच्या घरी लग्न आहे याची खबर ठेवत. आज ज्याला मार्केटिंगच्या वर्गात 'ग्राहक संबंध' म्हणून शिकवतात, ते त्यांना कोणी शिकवले नव्हते.

आपला परिसर तर विक्रीवरच उभा राहिला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले. घरे गेलेली, जमिनी गेलेल्या. बराकींमध्ये पापड लाटले गेले आणि ते विकले गेले. त्या विक्रीत घरातल्या बायकांचे हात किती होते हे जुन्या उल्हासनगरवाल्यांना विचारा.

मग बदल कधी झाला? माझे मत असे की विक्रीला जोवर पगार, पद आणि प्रतिष्ठा नव्हती, तोवर ती बाईच्या डोक्यावरची पाटी होती. तिला नियुक्तिपत्र, गाडी, इन्सेन्टिव्ह आणि 'एरिया सेल्स मॅनेजर' असे नाव मिळाले, तेव्हा ती पुरुषाची नोकरी झाली. बाईच्या वाट्याला त्यातला काउंटर आला. काउंटरवर हसायचे, दाखवायचे, घड्या घालायच्या. एरिया, टार्गेट ठरवण्याचा अधिकार आणि वरची खुर्ची दुसरीकडे गेली.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार शहरी भागात १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २८ टक्के स्त्रियाच काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. शहरी पुरुषांत हेच प्रमाण ७५ टक्क्यांच्या पुढे आहे. ग्रामीण भागात स्त्रियांचे प्रमाण ४७ टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे शहरात आलो, शिकलो, फ्लॅट घेतला, आणि बाई कामावरून घरी परतली, असे आपल्याकडे झाले आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १,७४,२२६ होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या तर आज ती किती वाढली असेल याचा अंदाज कोणालाही येईल. या इमारतींतल्या मुली बारावी, बीकॉम, बीए झालेल्या आहेत. मुंबईला जायचे तर रोज जाऊन-येऊन चार तास लोकलमध्ये. जवळ काम हवे असेल तर दुकान, शोरूम, साइट ऑफिस, दवाखाना किंवा शिकवणी. यातली दुकान, शोरूम आणि साइट ऑफिस ही तिन्ही कामे विक्रीचीच. म्हणून या गावात विक्रीच्या कामाची प्रत सुधारणे म्हणजे हजारो मुलींच्या आयुष्याची प्रत सुधारणे आहे.

मुस्लीम मुलीसाठी दारात आणखी एक उंबरठा असतो. लेडबाय फाउंडेशनने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे दोन बायोडाटा एक हजार नोकऱ्यांना पाठवले गेले. एकावर हिंदू नाव, एकावर मुस्लीम नाव, फोटो कोणाचाच नाही. हिंदू नावाच्या अर्जाला २०८ होकारार्थी उत्तरे आली, मुस्लीम नावाच्या अर्जाला १०३. शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त नाव वेगळे.

आकडा वाचणे सोपे असते. माझी भाची बीकॉम आहे. एका मोठ्या शोरूमने तिची फोनवर मुलाखत घेतली, बोलणे आवडले म्हणून बोलावले. ती डोक्यावर ओढणी घेते. व्यवस्थापकाने तिच्याकडे पाहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "फ्रंटला जरा अडचण येईल, बॅक ऑफिस चालेल का?" बॅक ऑफिसला इन्सेन्टिव्ह नसतो. पगार चार हजारांनी कमी होता. घरी येऊन ती मला म्हणाली, "खाला, त्याने वाईट काहीच बोलले नाही. म्हणून भांडताही आले नाही."

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) ने तिला कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण शासनाविरुद्ध मिळणारे हे संरक्षण खाजगी शोरूमच्या दारात आपोआप पोहोचत नाही. खाजगी नोकरभरतीत धर्माच्या नावाने होणाऱ्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा हवा, ही मागणी म्हणूनच केवळ मुसलमानांची नाही. दलित मुलीची, ईशान्येकडून आलेल्या मुलीची, अपंग मुलीचीही ती आहे.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. भाचीला नंतर दुसरीकडे काम मिळाले, तेव्हा आमच्याच नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, "परक्या मर्दांना फ्लॅट दाखवायला एकटी जाणार?" त्यांना मी इतकेच म्हटले की हजरत खदीजा मक्केतल्या व्यापारी होत्या, त्यांचे काफिले शामपर्यंत जात आणि माल घेऊन जाण्यासाठी त्या माणसे नेमत. प्रेषितांनीही त्यांच्यासाठी व्यापार केला होता. हे आपण लहानपणापासून ऐकतो, मीलादच्या बयानात अभिमानाने सांगतो. मग घरातल्या मुलीने कमिशनवर फ्लॅट विकला की इज्जत कशी जाते? भीती सुरक्षिततेची असेल तर सुरक्षितता मागू या. इज्जतीच्या नावाखाली तिचा पगार का बंद करायचा?

बसायला स्टूल

सर्वात साधी गोष्ट घ्या. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला मधूनमधून बसता यावे म्हणून सोय करण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये होते. म्हणजे हा हक्क पाऊणशे वर्षांहून जुना. त्याच अंबरनाथच्या बाजारातल्या साडीच्या दुकानात मात्र विक्रेती बसली तर मालकाला ती आळशी वाटते. गिऱ्हाईक नसले तरी उभे राहायचे. संध्याकाळी पायांच्या शिरा फुगतात, कंबर धरते. दुकानात स्वच्छतागृह नसते म्हणून पाणी कमी प्यायचे, आणि पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा त्रास सुरू होतो. हे मी डॉक्टरांकडून ऐकलेले नाही, माझ्या शरीराने मला शिकवले आहे.

केरळमधल्या कोळिकोडच्या मिठाई थेरुवु या बाजारात हेच चालत होते. तिथे शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी 'पेनकूट्ट' ही बायकांची संघटना उभी केली. आधी मागणी स्वच्छतागृहाची होती, मग बसण्याच्या हक्काची. त्रिशूरमध्ये एका मोठ्या साडी दुकानातल्या विक्रेत्या २०१४-१५ मध्ये याच मुद्द्यावर संपावर गेल्या. लोक हसले. बसण्यासाठी संप? पण २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. या लढ्यात हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती सगळ्या बायका होत्या, कारण पाय सगळ्यांचेच दुखत होते. महाराष्ट्राच्या दुकान कायद्यातही असे स्पष्ट कलम हवे.

आपल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही आणि ठेवायचे तर संरक्षणाची सोय करावी लागते. चांगले आहे. पण हा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी होता, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. कुळगावच्या बाजारात वीस माणसे कामाला असलेली दुकाने किती सापडतील? आपल्या मुली जिथे काम करतात, नेमक्या तिथून कायदा मागे सरकतो आहे. यावर कोणत्याही पक्षाच्या स्थानिक नेत्याचे एक पत्रक माझ्या पाहण्यात नाही.

गिऱ्हाईकाचा त्रास

विक्रीत बाईला होणारा त्रास पुष्कळदा मालकाचा किंवा सहकाऱ्याचा नसतो, गिऱ्हाईकाचा असतो. नंबर मागणे, रात्री मेसेज, फ्लॅट बघताना नको तितके जवळ येणे. आणि 'गिऱ्हाईक राजा आहे' म्हणून तिने गिळायचे. फार थोड्यांना माहीत आहे की २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणे हे मालकाचे कर्तव्य म्हटले आहे. त्यात गिऱ्हाईक आले. कामानिमित्त ती जिथे जाईल ती जागाही कामाचे ठिकाणच. म्हणजे अर्धवट बांधलेल्या इमारतीचा पाचवा मजलाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नसते. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि ती साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अशा समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थापन करण्याचे आदेश दिले.

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले आणि गाड्या तासन्‌तास थांबल्या. लहान मुलींवरच्या अत्याचाराचा तो संताप होता, खरा होता. पण संताप एका दिवसाचा असतो. आपल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता बाजारातल्या प्रत्येक दुकानात लावलेला असावा, ही रोजची गोष्ट आहे, आणि ती करायला कोणी रुळांवर उतरत नाही.

कमिशनचे गोड बोलणे

बायकांसाठी विक्रीच्या संधी म्हणून आज बरेच काही सांगितले जाते. ते तपासून घ्यावे. आयुर्विमा महामंडळाची 'विमा सखी' योजना ९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली. दहावी पास, १८ ते ७० वयाच्या बायकांना पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन, शिवाय कमिशन. घराबाहेर पडू न शकणाऱ्या बाईला ही खरी मदत आहे. पण हा पगार नाही आणि ही नोकरी नाही. वर्षाला २४ विमे उतरवायचे आणि पुढच्या वर्षी विद्यावेतन चालू राहायचे तर आधीच्या विम्यांपैकी ६५ टक्के चालू असले पाहिजेत. पहिले दहा विमे भाऊ, दीर, शेजारी यांचे होतात. नातेवाईक संपले की खरी विक्री सुरू होते, आणि तिथे शिकवणारे कोणी नसते म्हणून बायका गळतात. योजना राबवणाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या नावनोंदणीसोबत तिसऱ्या वर्षी टिकलेल्या सख्यांचीही संख्या जाहीर करावी.

दुसरे, साखळी योजनांचे. 'ताई, फक्त पाच हजार भरा, खाली सहाजणी जोडा' असे म्हणणारी बाई प्रत्येक इमारतीत येऊन गेली आहे. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांवर बंदी घातली आहे आणि सामील होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही. जिथे माल विकण्यापेक्षा माणसे जोडण्याचे पैसे मिळतात, तिथे विक्रीचा माल तुम्ही स्वतः असता.

उलट काही रस्ते चांगले आहेत आणि आपल्या दारात आहेत. महारेराने घर विकणाऱ्या एजंटांसाठी २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली. बदलापुरात रोज नवी इमारत उभी राहते आणि साइट ऑफिसात मुली चहा-पाणी आणि माहितीपत्रके देण्याच्या पगारावर सगळी विक्री करून देतात, दलाली दुसराच घेतो. तीच मुलगी परीक्षा देऊन स्वतःच्या नावाने नोंदणी करू शकते. परवाना तिच्या नावावर असेल तर साइट बदलली तरी करिअर तिच्यासोबत जाते.

मालकांचेही ऐकू या

मालक म्हणतात, मुली लग्न झाले की सोडतात, बाळंतपण आले की सोडतात, म्हणून आम्ही पुढे आणत नाही. हे पूर्ण खोटे नाही. पण कारण आणि परिणाम उलटे लावलेले आहेत. दहा वर्षांनीही तोच काउंटर आणि हजाराचीच वाढ असेल, तर सासू 'सोड ती नोकरी' म्हणते तेव्हा मुलीकडे उत्तर नसते. वरची जागा दिसत असती तर घरातही तिची बाजू घेणारे कोणी निघाले असते. छोटे दुकानदार म्हणतात, आमचेच भागत नाही. मान्य आहे, ऑनलाइनने त्यांचे कंबरडे मोडले आहे. पण स्टुलाला किती खर्च येतो? इन्सेन्टिव्हचा दर कागदावर लिहून द्यायला किती? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींना ते १९७६ च्या कायद्यानेच मिळत होते, कारण त्यांची संघटना होती. काउंटरवरच्या बाईची नाही.

म्हणून आपल्या गावापुरते चार गोष्टींपासून सुरुवात करू या. प्रत्येक दुकानात बसायला स्टूल. पगार आणि इन्सेन्टिव्हचा दर लेखी. बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छ, रात्रीपर्यंत उघडे स्वच्छतागृह, ही जबाबदारी नगरपालिकेची. आणि स्थानिक समितीच्या पत्त्याचा फलक. ईदच्या आणि दिवाळीच्या खरेदीला आपण सगळेच बाजारात जातो. त्या वेळी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "ही ताई दिवसभर बसते कुठे?" गिऱ्हाईकाने विचारले की मालकाच्या कानात लवकर शिरते.

भाची सध्या कुळगाव पूर्वेच्या एका साइट ऑफिसात आहे, ओढणीसकट, फ्रंटला. रात्री महारेराच्या परीक्षेचा अभ्यास करते. परवा तिने विचारले, "खाला, इन्सेन्टिव्ह लेखी द्या म्हटले तर काढून टाकतील का?" मी तिला खोटा धीर दिला नाही. एकटीने मागितले तर काढतीलही. त्या रस्त्यावरच्या सगळ्या साइट ऑफिसांतल्या मुलींनी एकाच आठवड्यात मागितले, तर काढणे अवघड जाईल. येत्या रविवारी दुपारी त्यातल्या काहीजणी आमच्या घरी येणार आहेत. वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या धर्मांच्या. चहा मी करणार आहे, अर्जाचा मसुदा त्या करणार आहेत.